उपस्थिती आणि सेवा : औषध दुकानांतील मनुष्यबळाचा इतिहास (विशेष संदर्भ : कसबे वणी, जि. नाशिक)

प्रस्तावना

औषधाचे दुकान हे इतर किरकोळ दुकानांसारखे दिसत असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते निराळे आहे. किराणा, कापड किंवा भांडी विकणाऱ्या दुकानात किती माणसे असावीत आणि त्यांचे शिक्षण काय असावे, हे मालक ठरवितो. औषधाच्या दुकानात मात्र चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे, असे बंधन आहे. हे बंधन ग्राहकाच्या संरक्षणासाठी आले. त्याला आता पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही, दुकानात औषधनिर्माता असतो का, असला तर तो ग्राहकाशी बोलतो का, आणि बोलण्याइतका वेळ त्याला मिळतो का, हे तीन प्रश्न आजही सुटलेले नाहीत.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नांकडे इतिहासाच्या अंगाने पाहिले आहे. कायदे, नियम, समित्यांचे अहवाल आणि न्यायनिर्णय यांच्या आधारे औषध दुकानातील मनुष्यबळाची कल्पना कशी घडत गेली, याचा मागोवा घेतला आहे. नाशिक जिल्ह्यातील वणी हे बाजारगाव विशेष संदर्भ म्हणून निवडले आहे, कारण डोंगराळ आदिवासी भाग, बागायती शेती आणि मोठे यात्राक्षेत्र या तिन्हींचा ग्राहक तेथे एकत्र येतो. कायद्याने दुकानामागे एक माणूस मोजला, ग्राहकामागे लागणारा वेळ मोजला नाही. आणि मालकाचे एकटे दुकान असो वा शेकडो शाखांची साखळी, दोन्हींतील सेवेच्या उणिवा या एकाच जागी उगम पावतात, हे या निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

वणीचे स्थान आणि औषधाचा ग्राहक

दिंडोरी तालुक्यातील वणी सरकारी दप्तरात 'कसबे वणी' या नावाने ओळखली जाते. यवतमाळ जिल्ह्यातील वणीहून ती वेगळी आहे. 'कसबा' हा शब्दच आसपासच्या खेड्यांची पेठ असा तिचा दर्जा सांगतो. सुरतेहून घाटमाथ्यावर येणाऱ्या वाटांच्या मुलखात हे गाव वसले आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या स्वारीवरून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या सैन्याची मोगल सरदार दाऊदखान याच्याशी जी लढाई झाली, ती वणी-दिंडोरीची लढाई म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. आज नाशिकहून दिंडोरीमार्गे सापुताऱ्याकडे जाणारा रस्ता वणीवरूनच जातो.

वणीच्या उत्तरेस सप्तशृंगीचा गड आहे. गड कळवण तालुक्यात मोडतो, तरी लोकांच्या तोंडी देवी 'वणीची'च आहे. चैत्र पौर्णिमेचा उत्सव आणि नवरात्र या दोन प्रसंगी तेथे फार मोठी गर्दी होते. धुळे, नंदुरबार, जळगाव या खानदेशी मुलखातून हजारो भाविक पायी येतात. ऐन चैत्राच्या उन्हात कित्येक दिवस चाललेल्या माणसाच्या पायांना फोड असतात, कोणाला उलट्या-जुलाब झालेले असतात, कोणाच्या मधुमेहाच्या गोळ्या वाटेत संपलेल्या असतात. अशा माणसाला जवळचा डॉक्टर सापडण्याआधी औषधाचे दुकान सापडते.

दुसरा ग्राहक कायमचा आहे. सुरगाणा, पेठ आणि कळवण या तालुक्यांतील कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची माणसे बाजारासाठी, दवाखान्यासाठी आणि द्राक्षबागांतील मजुरीसाठी दिंडोरीच्या पट्ट्यात उतरतात. ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्षे काढण्यापर्यंत हे मजूर येथे असतात. त्यांच्या घरात कोकणी बोली बोलली जाते, खानदेशाकडचा ग्राहक अहिराणी बोलतो आणि औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. गोळी जेवणाआधी की नंतर, किती दिवस, बरे वाटल्यावर बंद करावी की नाही, या गोष्टी त्याला कोणीतरी त्याच्या भाषेत सांगाव्या लागतात. हे सांगणे म्हणजेच औषध दुकानातील खरी ग्राहकसेवा होय. ती कोणी करावी याचे उत्तर शोधण्यासाठी मात्र वणीपासून बरेच दूर, एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडपर्यंत जावे लागते, कारण भारतीय कायद्यातील 'देखरेख' ही कल्पना तेथून आली आहे.

'देखरेख' या संकल्पनेचा उगम

इंग्लंडमध्ये १८६८ च्या फार्मसी कायद्याने विषारी द्रव्यांची विक्री नोंदणीकृत औषधविक्रेत्यांपुरती मर्यादित केली. हा कायदा करताना स्वतःच्या दुकानात स्वतः उभा राहणारा विक्रेताच कायदेकर्त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पुढे भागभांडवलाच्या कंपन्या या व्यवसायात उतरल्या. कंपनी परीक्षा देऊ शकत नाही, मग ती औषध कसे विकू शकते, असा वाद व्यावसायिकांच्या 'फार्मास्युटिकल सोसायटी'ने न्यायालयात नेला. १८८० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की कायद्यातील 'व्यक्ती' या शब्दात कंपनी येत नाही. म्हणून पात्र माणूस नोकरीस ठेवून कंपनीने दुकान चालविण्यास प्रत्यवाय नाही.

या निर्णयाने औषधांच्या साखळी दुकानांचा मार्ग मोकळा झाला. नॉटिंगहॅम येथे १८४९ मध्ये सुरू झालेल्या वनौषधींच्या छोट्या दुकानातून जेसी बूट याने 'बूट्स' ही साखळी उभी केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तिच्या शाखा शेकड्यांनी मोजल्या जाऊ लागल्या. दुकानाचा मालक आणि औषधाचा जाणकार ही दोन माणसे येथे प्रथम वेगळी झाली. जाणकार हा पगारी नोकर झाला. किती माणसे ठेवायची, दुकान किती वेळ उघडे ठेवायचे, हे ठरविणारा दुसराच झाला.

पुढे १९५३ मध्ये 'बूट्स'चाच एक खटला गाजला. ग्राहकाने फळीवरून स्वतः वस्तू उचलून घेण्याची पद्धत एजवेअर येथील शाखेत सुरू झाली होती. विक्री नेमकी केव्हा होते, वस्तू उचलताना की पैसे देताना, असा प्रश्न होता. पैसे घेण्याच्या जागी औषधनिर्माता हजर असल्याने विक्री त्याच्या देखरेखीखालीच होते, असे न्यायालयाने ठरविले. करारविषयक कायद्याच्या अभ्यासक्रमात हा खटला आजही शिकविला जातो. औषधविक्रीच्या इतिहासात त्याचे महत्त्व असे की 'देखरेख' म्हणजे ग्राहकाशी संवाद नव्हे, तर योग्य जागी असलेली उपस्थिती, हा अर्थ त्याने पक्का केला.

कंपाउंडर ते नोंदणीकृत औषधनिर्माता

भारतात वसाहतकाळात मोठ्या शहरांतील युरोपीय औषधालये आणि गावोगावचे दवाखाने अशी दोन टोके होती. मुंबईतील 'केम्प' या औषधविक्रेत्या पेढीचे नाव केम्प्स कॉर्नरच्या रूपाने अद्याप टिकून आहे. खेड्यापाड्यांत हिवतापावरचे क्विनाइन टपाल कचेऱ्यांतून पुड्यांच्या रूपात विकले जाई. औषध पोहोचे, पण सांगणारा कोणी नसे. तालुक्याच्या दवाखान्यात सांगण्याचे काम कंपाउंडरकडे होते. डॉक्टरने लिहिलेले मिश्रण तयार करावे, बाटलीत भरावे, मात्रांच्या खुणांसाठी कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाटलीवर चिकटवावी आणि 'हलवून घ्या' असे बजावून ती रोग्याच्या हाती द्यावी, हा त्याचा नित्यक्रम होता. कागदाची ती पट्टी निरक्षर रोग्यालाही वाचता येत असे.

भेसळयुक्त व निकृष्ट औषधांच्या, विशेषतः क्विनाइनच्या तक्रारी वाढल्यावर सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. १९३१ च्या अहवालात समितीने औषधांच्या गुणवत्तेवर नियंत्रण आणावे आणि औषधनिर्माण व्यवसायाला शिक्षण व नोंदणीची शिस्त लावावी, अशी दुहेरी शिफारस केली. १९३२ मध्ये महादेवलाल श्रॉफ यांच्या प्रयत्नाने बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. गुणवत्तेसाठी १९४० चा औषध कायदा व १९४५ चे नियम आले. माणसासाठीचा फार्मसी कायदा मात्र १९४८ मध्ये आला. औषधाचा कायदा आधी आणि औषध देणाऱ्याचा आठ वर्षांनी, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

नवा कायदा आला तेव्हा पदविकाधारक मूठभर होते. म्हणून पहिल्या नोंदपुस्तकात परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांबरोबरच दवाखान्यात किंवा औषधालयात किमान ५ वर्षे औषधे तयार करण्याचे काम केलेल्यांनाही स्थान मिळाले. १९४५ च्या नियमांतही अनुभवाच्या बळावर 'पात्र व्यक्ती' म्हणून मान्यता मिळण्याची वाट ३१ डिसेंबर १९६९ पर्यंत खुली ठेवलेली होती. नोंदणी नसलेल्याने औषध देण्यास मनाई करणारे फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम तर राज्य सरकार ठरवील त्या तारखेपासून लागू व्हायचे होते. ज्या राज्यांनी तारीख ठरविली नाही, तेथे १९७६ च्या दुरुस्तीनुसार आठ वर्षांची मुदत संपल्यावर, १९८४ मध्ये ते लागू झाले. कायदा संमत होणे आणि त्याचे मर्मस्थान सर्वत्र लागू होणे यांत छत्तीस वर्षे गेली.

या दीर्घ संक्रमणकाळात दुकानाची एक रीत पडून गेली. मालक गल्ला सांभाळी, काउंटरवरची मुले फळीवरून औषधे काढून देत आणि भिंतीवर चौकटीत एक प्रमाणपत्र टांगलेले असे. प्रमाणपत्र ज्याचे, तो माणूस दुकानात असेलच असे नव्हते. प्रमाणपत्र 'भाड्याने' देण्याघेण्याचा प्रकार औषध व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. त्याला केवळ अप्रामाणिकपणा म्हणून सोडून देणे इतिहासाला धरून होणार नाही. परवान्याच्या कागदावर एक नाव लागते, दुकानाच्या रोजच्या कामाला मात्र एकाहून अधिक माणसे लागतात, या विसंगतीत त्याचे मूळ आहे.

दोन कायदे आणि तासांचा हिशोब

ही विसंगती आकड्यांत मांडता येते. १९४८ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. केंद्राच्या फार्मसी कायद्याने औषध देणारा पात्र माणूस हवा असे म्हटले. मुंबई प्रांताच्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने नोकराकडून दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक नियमित काम घेऊ नये असे ठरविले. त्याच वेळी, औषध कोणत्याही वेळी लागू शकते म्हणून औषधांच्या दुकानांना उघडण्या-मिटण्याच्या वेळांतून सूट देण्यात आली. दोन्ही कायदे आपापल्या जागी न्याय्य होते. एकत्र वाचले असता मात्र त्यांतून एक गणित उभे राहते.

सकाळी ८ ते रात्री १० असे १४ तास, आठवड्याचे सातही दिवस उघडे असलेले दुकान आठवड्यास ९८ तास चालते. ४८ तासांच्या मर्यादेत काम करणारे दोन औषधनिर्माते मिळून ९६ तास भरतात. म्हणजे दोघे नेमूनही दोन तास उरतातच. रजा, आजारपण आणि सणवार यांचा विचार यात नाही. चोवीस तास चालणाऱ्या दुकानाचे आठवड्याचे १६८ तास होतात. त्यासाठी साडेतीन, म्हणजे व्यवहारात चार माणसे लागतात. हे गणित दुकाने अधिनियम लागू असलेल्या गावांतील पगारी नोकराचे आहे. मालक स्वतःच औषधनिर्माता असेल तर ही मर्यादा त्याला नाही. परंतु त्याच्या शरीराला ती आहेच.

उत्पन्नाची बाजूही पाहिली पाहिजे. औषध किंमत नियंत्रण आदेशान्वये अनुसूचित औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला जातो. १९९५ आणि २०१३ या दोन्ही आदेशांत हाच दर आहे. या ठरीव नफ्यातून जागेचे भाडे, वीज, मुदतबाह्य होणारा माल, उधारी आणि पगार भागवायचे असतात. मोठ्या शहरातील गजबजलेल्या दुकानाला दोन औषधनिर्माते परवडू शकतात. वणीसारख्या गावातील मध्यम दुकानाला दुसऱ्या माणसाचा पगार जड जातो. कायद्याने किमान मनुष्यबळ सांगितले, नफ्याची चौकट आखली, पण या दोहोंची सांगड घातली नाही.

गावपातळीवर कायद्याने काही सवलती दिल्या, त्याही बोलक्या आहेत. आपल्याच रुग्णास औषध देणाऱ्या डॉक्टरला ४२ व्या कलमातून वगळले आहे. लोकसंख्या एक हजाराहून अधिक नसलेल्या खेड्यात पॅरासिटामॉल, ग्राइप वॉटर यांसारखी काही घरगुती औषधे परवान्याशिवायही विकता येतात. याचा अर्थ वणीच्या पेठेत जी गोळी औषधनिर्माता असलेल्या परवानाधारक दुकानातून घ्यायची, तीच गोळी डोंगरातल्या पाड्यावर किराणा दुकानात मीठ-मिरचीबरोबर मिळू शकते. जेथे सांगणाऱ्याची गरज सर्वांत जास्त, तेथेच त्याच्यावाचून चालवून घेण्याची तरतूद आहे. दुर्गम भागात औषध अजिबात न मिळण्यापेक्षा हे बरे, या व्यवहारी विचाराने ती झाली, हेही मान्य करावे लागेल.

२०१२-१३ चा संघर्ष

महाराष्ट्रात हा सुप्त प्रश्न २०१२-१३ मध्ये उघड्यावर आला. महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना राज्यभर दुकानांची तपासणी झाली. औषधनिर्मात्याची गैरहजेरी, चिठ्ठीवाचून विक्री, बिल न देणे अशा कारणांवरून परवाने निलंबित वा रद्द करण्याच्या कारवाया झाल्या. विक्रेत्यांच्या संघटनांनी याला कडाडून विरोध केला. बंद पुकारले गेले आणि दुकानाचे तास कमी करण्याचे अस्त्रही उपसले गेले. औषधनिर्माता एकच आणि त्याने सर्व वेळ हजर राहायचे, तर दुकानही त्याच्या कामाच्या वेळेपुरतेच उघडे राहील, असा हा युक्तिवाद होता.

प्रशासनाची बाजू कायद्याला धरून होती; ग्राहकाच्या जिवाशी संबंध असल्याने सवलत देणे तिला शक्य नव्हते. विक्रेत्यांच्या म्हणण्यातही, कारवाईच्या भीतीपलीकडे, एक वस्तुस्थिती होती. पुरेशी माणसे ठेवायची तर तास कमी करावे लागतील आणि तास वाढवायचे तर माणसे वाढवावी लागतील, ही गोष्ट त्यांनी प्रथमच सार्वजनिकरीत्या कबूल केली. दुर्दैवाने वाद कारवाई आणि बंद यांच्यातच अडकला. किती तासांच्या आणि किती ग्राहकांच्या दुकानाला किती औषधनिर्माते हवेत, हा मूळ प्रश्न कोणत्याही पक्षाने मांडला नाही.

पुढे सर्वोच्च न्यायालयानेही या विषयाची दखल घेतली. मुकेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात २९ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायालयाने म्हटले की नोंदणीकृत औषधनिर्मात्यावाचून किंवा बनावट औषधनिर्मात्याकडून दुकाने व दवाखाने चालू राहिल्यास नागरिकांच्या आरोग्यावर त्याचे परिणाम होतील आणि ते रोखणे हे राज्य सरकार व फार्मसी कौन्सिल यांचे कर्तव्य आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ व्या कलमातील जुना, अवघ्या एक हजार रुपयांचा दंडही वाढविण्यात आला.

साखळी दुकानांचा उदय

याच काळात दुकानांचे स्वरूप बदलत होते. 'अपोलो फार्मसी'ची सुरुवात १९८७ मधली. 'मेडप्लस' ही साखळी २००६ मध्ये हैदराबादेत सुरू झाली. मुंबईत २००८ मध्ये सुरू झालेल्या 'वेलनेस फॉरएव्हर'ने चोवीस तास उघडे दुकान हे आपले वैशिष्ट्य बनविले. वातानुकूलित जागा, संगणकीय बिल, शीतकपाटातील लशी व इन्सुलिन, छापील किमतीवर सूट आणि घरपोच सेवा यांमुळे शहरी ग्राहक या दुकानांकडे वळला. पुढे संकेतस्थळांवरून औषधविक्री सुरू झाली. तिच्या विरोधात विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने १४ ऑक्टोबर २०१५, ३० मे २०१७ आणि २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशव्यापी बंद पाळले.

साखळी दुकानाने काही गोष्टी सुधारल्या. नोंदी, बिल, साठवणुकीचे तापमान, मुदतबाह्य मालाची छाननी या बाबी मालकाच्या स्मरणशक्तीवर न राहता यंत्रणेवर आल्या. औषधनिर्माता पगारपत्रकावर आला. तथापि दुकानात किती माणसे ठेवायची याचा निर्णय दूरच्या मुख्य कार्यालयात, विक्रीच्या आकड्यांवरून होऊ लागला. ग्राहकाला सूट द्यायची आणि मर्यादित नफ्यातून ती भागवायची, तर थेट खरेदी, स्वतःच्या नाममुद्रेचा माल आणि मनुष्यबळावरील खर्च एवढ्याच जागा उरतात. इंग्लंडमध्ये १८८० च्या निर्णयाने मालक आणि जाणकार यांच्यात जे अंतर पाडले, तेच येथे शतकभराने आले.

हे अंतर वाढत गेल्यास काय होते, याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेत दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅन्सस सिटी भागातील 'सीव्हीएस' या साखळीच्या औषधनिर्मात्यांनी आणि पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये 'वॉलग्रीन्स'मधील कर्मचाऱ्यांनी काम थांबविले. पगारवाढीपेक्षा पुरेशी माणसे द्या, ही त्यांची मुख्य मागणी होती. चिठ्ठ्या, लसीकरण आणि दूरध्वनी हे सारे एकाच माणसावर पडले तर चुका होतील, असे त्यांचे म्हणणे होते. कॅलिफोर्निया राज्याने याआधीच, २०१८ मध्ये, साखळी दुकानात औषधनिर्मात्याला मदतनिसावाचून एकटे ठेवण्यास मनाई करणारा कायदा केला होता. २०२३ च्या आणखी एका कायद्याने तेथे किमान मदतनीस, औषध देताना झालेल्या चुकांची नोंद आणि मनुष्यबळ ठरविण्यात प्रभारी औषधनिर्मात्याचा अधिकार या गोष्टी आल्या. उपस्थितीच्या जुन्या अटीला कामाच्या भाराची अट जोडण्याचा हा प्रयत्न होय.

नियमातील सेवा आणि यात्रेचा दिवस

भारतात ग्राहकसेवेची कायदेशीर व्याख्या उपलब्ध नाही असे नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या व्यवसायविषयक विनियमांनी औषधनिर्मात्याने रुग्णास औषधाचे नाव, मात्रा, घेण्याची रीत, कालावधी, संभाव्य दुष्परिणाम, मात्रा चुकल्यास काय करावे आणि औषध कसे ठेवावे हे समजावून सांगावे, असे नमूद केले आहे. नाव व नोंदणी क्रमांक दर्शविणारी पट्टी लावलेला पांढरा कोटही त्यात सांगितला आहे. त्याआधी २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या 'एच-१' अनुसूचीने क्षयरोगावरील औषधे व काही प्रतिजैविके यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपणे आवश्यक केले. प्रत्येक तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु ही सारी कामे त्याच एका माणसाच्या खात्यावर जमा होत गेली.

समुपदेशनास ग्राहकामागे केवळ ५ मिनिटे धरली तरी ८ तासांत ९६ ग्राहकांपलीकडे औषधनिर्माता जाऊ शकत नाही. तेही त्याने नोंदवही, मालाची आवक आणि चिठ्ठीची छाननी यांना हातच लावला नाही तर. चैत्रोत्सवात वणीच्या रस्त्याने खानदेशी दिंड्या जाऊ लागतात, तेव्हा त्या दिवशीचे गिऱ्हाईक नेहमीच्या मापात बसत नाही. यात्रेसाठी एसटी जादा गाड्या सोडते, आरोग्य खाते पथके नेमते, पोलिसांचा बंदोबस्त वाढतो. औषध दुकानाच्या परवान्यावरचे नाव मात्र एकच राहते. अशा दिवशी नियमाप्रमाणे औषधनिर्माता दुकानात उपस्थित असेल आणि तरीही एकाही ग्राहकाशी त्याचे बोलणे होणार नाही, हे शक्य आहे. नियम पाळला जाईल आणि सेवा घडणार नाही.

याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. सुशिक्षित ग्राहक वेष्टन वाचतो, दूरध्वनीवर डॉक्टरला विचारतो. सुरगाण्याहून आलेली मजूर स्त्री प्रतिजैविकाचे दोन डोस घेऊन ताप उतरल्यावर उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी फडक्यात बांधून ठेवते, कारण पूर्ण घ्या असे तिला कोणी सांगितलेले नसते. रक्तदाबाची गोळी 'बरे वाटते' म्हणून बंद होते. अपुऱ्या मनुष्यबळाची किंमत अशा रीतीने दुकानाच्या हिशोबवहीत न दिसता रुग्णाच्या घरी चुकती होते. जुन्या कंपाउंडरच्या खाचांच्या पट्टीने जे काम केले, ते चकचकीत पाकिटाने आपोआप होत नाही.

काउंटरवरच्या मदतनिसाचाही येथे विचार व्हायला हवा. प्रत्यक्षात ग्राहक बोलतो तो त्याच्याशी. तो स्थानिक असतो, बोली जाणतो, कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे त्याला ठाऊक असते. कायद्याच्या दृष्टीने तो जवळजवळ अदृश्य आहे. त्याला प्रशिक्षण नाही, दर्जा नाही आणि त्याने काय सांगावे, काय सांगू नये याची मर्यादाही आखलेली नाही. औषधनिर्मात्याकडे ज्ञान आणि मदतनिसाकडे भाषा, अशी ही वाटणी आहे. दोघांना एकत्र आणणारी व्यवस्था अद्याप झालेली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, औषध दुकानातील 'देखरेखी'ची कल्पना ज्या इंग्लंडमध्ये घडली, तेथेच ती उपस्थितीपुरती संकुचित झाली आणि भारतीय कायद्याने तिचा तोच अर्थ स्वीकारला. दुसरी, १९४८ पासून दुकानाचे तास, नोकराचे तास आणि ठरीव नफा यांचा एकत्र विचार न झाल्याने भाड्याच्या प्रमाणपत्रासारखे दोष रुजले. केवळ तपासणी व दंड यांनी ते समूळ जाणार नाहीत. तिसरी, साखळी दुकानांनी नोंदी व साठवण सुधारली, पण मनुष्यबळाचा निर्णय जाणकाराच्या हातून काढून घेतला. म्हणून छोटे दुकान विरुद्ध साखळी असा वाद मूळ प्रश्नाला स्पर्श करीत नाही.

या दृष्टीने काही सूचना करता येतील. परवान्यात दुकानाचे तास आणि त्या तासांतील औषधनिर्मात्यांची नावे यांची जुळणी मागावी व ते वेळापत्रक मराठीत दर्शनी भागात लावावे. मोठ्या उलाढालीच्या दुकानांसाठी ग्राहकसंख्येवर आधारित किमान मनुष्यबळ ठरवावे. काउंटरवरील मदतनिसांसाठी अल्प मुदतीचे प्रशिक्षण सुरू करावे. यात्राकाळात जिल्ह्यातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन गडाच्या वाटेवर औषध सल्ला केंद्रे चालवावीत; पदविकेसाठी ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घेण्याची जी अट शिक्षण विनियमांत आलेली आहे, तिलाही त्यामुळे अर्थ येईल. या सूचनांपैकी पहिलीला फारसा खर्च नाही, आणि शेवटची महाविद्यालयांच्या स्वतःच्या आवाक्यात आहे.

औषधाच्या गुणवत्तेवर गेल्या शतकात पुष्कळ कायदे झाले आणि त्यांचा लाभही झाला. गोळी शुद्ध आहे याची हमी आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. ती गोळी कशी घ्यायची हे वणीच्या पेठेत उतरलेल्या माणसाला कोण सांगणार, या प्रश्नाकडे मात्र तितक्याच गांभीर्याने पाहण्याची वेळ आली आहे.